द्राक्षाचं बी परसात लावलं तर

पाऊस सुरू झाला की रत्नागिरीतल्या कुठल्याही परसात न लावलेली रोपं उगवतात. मे महिन्यात चोखून फेकलेला बाठा, कुठेतरी घरंगळलेली फणसाची आठळी, पपईचं बी, भोपळ्याचं बी, सगळं पहिल्या काही आठवड्यांत वर येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच घरांत द्राक्षंही आलेली असतात आणि ती बियांची असली तर बियाही याच मातीत पडलेल्या असतात. त्या मात्र उगवत नाहीत. कुणी हौसेनं कुंडीत लावल्या तरी बहुधा उगवत नाहीत. मग ‘आपल्या मातीत द्राक्ष होत नाही’ असं म्हणून विषय संपतो. हा निष्कर्ष घाईचा आहे. बी न उगवण्याचं कारण मातीत नसून बियातच असतं आणि त्यावरचा उपाय घरच्या फ्रीजमध्ये होतो. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे : उगवलेल्या वेलीकडून अपेक्षा कशाची करायची? खाल्लेलं द्राक्ष बियातून परत मिळेल असं समजून वेल लावणारा फसणार, हे नक्की. अजून कुणीच न खाल्लेलं द्राक्ष पाहायची हौस असेल, तर बियासारखं दुसरं साधन नाही. हापूसची कलमं बांधणाऱ्या जिल्ह्यात हा फरक पटायला अवघड जाऊ नये. तरी तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यामागची कारणं आंब्यापेक्षा द्राक्षात जास्त गुंतागुंतीची आहेत.

आधी बी तर हवं

बाजारात मिळणारी नाशिक-सांगलीची हिरवी द्राक्षं बहुतेक थॉम्पसन सीडलेस किंवा तिच्यापासून निघालेली वाणं असतात. त्यांत बी नसतं म्हणजे बीजधारणाच होत नाही, असा एक समज आहे. प्रत्यक्षात फूल फळतं, गर्भ तयार व्हायला सुरुवातही होते, पण काही आठवड्यांतच त्याची वाढ थांबते आणि तो जिरतो. मणी मात्र वाढत राहतो. थॉम्पसनचा मणी उभा चिरून पाहिला तर आत जो मऊ, पांढुरका कण दिसतो, तो या अर्धवट राहिलेल्या बियाचा अवशेष. तो लावून काही उपयोग नाही. प्रयोगशाळेत हा गर्भ जिरण्याआधीच अलगद काढून पोषक द्रवावर वाढवता येतो आणि नवी बिनबियांची वाणं काढण्यासाठी हे तंत्र १९८०च्या दशकापासून वापरात आहे. घरी ते जमणारं नाही.

म्हणून बियांचीच द्राक्षं शोधायला हवीत. बंगळूर ब्लू हे काळं, गोल, जाड सालीचं, उग्र सुवासाचं द्राक्ष बाजारात येतं. रेड ग्लोब हे मोठ्या लाल मण्यांचं द्राक्षही बियांचं असतं. या दोघांत रत्नागिरीसाठी माझी पसंती बंगळूर ब्लूला. तिच्यात अमेरिकी ‘लाब्रुस्का’ जातीचा वारसा आहे आणि दमट हवेतल्या बुरशीला ही जात युरोपीय द्राक्षाइतकी पटकन बळी पडत नाही. चवीला ती रेड ग्लोबच्या तोडीची नाही असं कुणी म्हणेल. तसंही बियाच्या वेलीला आईची चव जशीच्या तशी मिळत नाही. त्यामुळे चवीवरून आई निवडण्यापेक्षा काटकपणावरून निवडलेली बरी. एका मण्यात जास्तीत जास्त चार बिया असतात, कारण फुलाच्या बीजकोशात दोन कप्पे आणि प्रत्येकात दोन बीजांडं असतात. प्रत्यक्षात एक-दोनच नीट भरतात. पाण्यात टाकल्यावर तळाशी बसतं ते भरलेलं बी. तरंगणारं बहुधा पोकळ असतं, ते टाकून द्यावं.

बियाला थंडी कशाला हवी?

शेतीत आलेली बहुसंख्य द्राक्षं ‘व्हिटिस विनिफेरा’ या जातीची. तिचं मूळ घर भूमध्य समुद्रापासून कॉकेशस आणि मध्य आशियापर्यंत पसरलेलं, हिवाळ्यात गोठणारं. तिथे फळ पिकतं उन्हाळ्याच्या शेवटी आणि बी जमिनीवर पडतं शरद ऋतूत. तेव्हा जमिनीत ओल असते, थोडी ऊबही असते. त्या भरवशावर बी उगवलं तर दोन पानांचं रोप पुढच्या बर्फात मरेल. जी बियाणी अशी घाई करत होती त्यांचा वंश राहिला नाही. जी थांबली ती टिकली. थांबण्यासाठी बियात उगवण रोखणारी द्रव्यं असतात आणि वरून कठीण कवच असतं. ओलसर अवस्थेत बरेच आठवडे थंडी सोसल्यावर रोखणाऱ्या द्रव्यांचा जोर ओसरतो, उगवणीला चालना देणाऱ्या द्रव्यांचा वाढतो, आणि मग ऊब मिळाली की अंकुर फुटतो.

बँकेतल्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेकडची, एक आपली. बँकेची किल्ली फिरल्याशिवाय आपली कितीही फिरवली तरी दार उघडत नाही. मेथी, मूग, भोपळा यांना ओल आणि ऊब ही एकच किल्ली पुरते. द्राक्षाच्या बियाला त्याआधी ओलसर थंडीची किल्ली फिरावी लागते. रत्नागिरीत समुद्रामुळे ऐन जानेवारीतही रात्रीचा पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच जातो. बियाला हवी असते १ ते ५ अंशांची थंडी, तीही सलग दोन-तीन महिने. इथल्या मातीत बी वर्षभर पडून राहिलं तरी पहिली किल्ली फिरतच नाही आणि तोवर बी कुजतं किंवा मुंग्या नेतात. ‘थंडी’ या शब्दामागे ‘ओलसर’ हे विशेषण विसरून चालत नाही. कोरडं बी पुडीत बांधून फ्रीजमध्ये ठेवलं तर ते टिकतं, पण जागं होत नाही, कारण आतल्या रासायनिक क्रियांना पाणी लागतं. फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नये. तिथे ओल्या बियातलं पाणी गोठून पेशी फाटतात.

> चौकट : रत्नागिरीचं वेळापत्रक
>
> मार्चमध्ये द्राक्षं खाऊन झाल्यावर बिया चोळून धुवाव्यात, गराचा अंशही राहू देऊ नये, कारण बुरशी तिथूनच सुरू होते. बुडणाऱ्या बिया सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवाव्यात. लगेच थंडीला लावल्या तर त्या जूनमध्ये तयार होतात आणि कोवळी रोपं ऐन पावसात सापडून मान टाकतात. म्हणून जुलैच्या सुरुवातीला बिया एक दिवस पाण्यात भिजवून ओलसर रेतीत किंवा नारळाच्या भुशात मिसळाव्यात. मूठभर घेऊन दाबल्यावर पाणी गळू नये, इतपतच ओल. ही पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन महिने ठेवावी, मधूनमधून उघडून पाहावी. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल न जाता पेरावं. २५ ते ३० अंशांच्या उबेत दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत केव्हाही अंकुर येतो. सगळ्या बिया एकदम उगवत नाहीत, आणि काही उगवतच नाहीत.

उगवलेली वेल कुणासारखी?

आता मूळ मुद्दा. हापूसच्या बाठ्यापासून हापूस येत नाही, रायवळ येतो, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. का येत नाही, याचं उत्तर द्राक्षालाही लागू पडतं. द्राक्षाच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. अंडपेशी किंवा पराग तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं, आणि कोणतं जाईल हे नशिबावर. दोन पर्याय एकोणीस वेळा, म्हणजे एकाच वेलीकडून ५,२४,२८८ वेगवेगळे संच निघू शकतात. तेवढेच परागाकडून. शिवाय गुणसूत्रं पुढे जाण्याआधी आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, ती वेगळीच. त्यामुळे एका घडातल्या दोन बिया एकसारख्या निघणं व्यवहारात अशक्य. काडी लावली किंवा डोळा भरला तर यातलं काहीच घडत नाही. पेशी जशीच्या तशी दुप्पट होत जाते आणि नवी वेल म्हणजे जुन्याच वेलीचा पुढे वाढलेला भाग असतो. जगभरातल्या थॉम्पसनच्या बागा या अर्थानं एकाच वेलीच्या फांद्या आहेत, जसं सगळं कलमी हापूस एकाच झाडाचं.

इथे एक चांगला आक्षेप निघतो. आंब्यात परपरागीकरण होतं हे मान्य, पण शेतीतल्या द्राक्षाचं फूल द्विलिंगी असतं आणि बहुधा स्वतःच्याच परागानं फळतं. आई-बाप एकच असतील तर पोर वेगळं का? घरच्या मिरचीचं बी ठेवलं तर पुढच्या वर्षी तीच मिरची येते, वांग्याचंही बहुतेकदा तसंच. उत्तर असं, की मिरची पिढ्यान्पिढ्या बियातूनच आली, दर पिढीत स्वतःशीच फळत गेली आणि तिच्या जोड्यांतली दोन्ही गुणसूत्रं हळूहळू सारखी झाली. सारख्या जोडीतून कोणतंही निवडलं तरी फरक पडत नाही. द्राक्षाच्या बाबतीत माणसानं शेकडो वर्षं नेमकं उलट केलं. आवडलेली वेल काडीनंच वाढवली, बियाची पिढी येऊच दिली नाही. त्यामुळे तिच्या जोड्यांतले फरक जसेच्या तसे साठून राहिले. त्यांत काही दुबळे गुणही असतात, जे जोडीतल्या निरोगी जोडीदारामुळे झाकलेले राहतात. स्वतःशीच फळलेल्या बियात दोन्ही दुबळे एकत्र आले की रोप खुरटतं. हा फरक किती मोठा असतो याचा एक पुरावा शास्त्रज्ञांच्या अडचणीतून मिळतो : २००७ साली फ्रान्स आणि इटलीच्या शास्त्रज्ञांनी द्राक्षाची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचली तेव्हा त्यांनी बागेतलं नेहमीचं वाण घेतलं नाही. जोड्यांतल्या दोन प्रती इतक्या वेगळ्या असतात की वाचताना गोंधळ उडतो. म्हणून पिढ्यान्पिढ्या स्वतःशीच फळवून जवळपास एकसारखी केलेली एक खास वेल त्यासाठी वापरली गेली.

दुसरा आक्षेप कोकणी माणूस नक्की घेईल : काही आंबे बाठ्यापासूनही तसेच येतात. खरं आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही जातींच्या एका बाठ्यातून दोन-चार अंकुर येतात. त्यांतला एखादा परागाच्या संयोगातून आलेला असतो, बाकीचे आईच्याच ऊतीतून तयार झालेले, म्हणजे तिच्या प्रतीच. ओलूर आणि वेल्लईकोलंबन या अशा जाती, म्हणून त्यांचे खुंट एकसारखे मिळतात. हापूसच्या बाठ्यात मात्र एकच अंकुर असतो आणि तो संयोगातून आलेला. द्राक्षाचंही तसंच, आईची हुबेहूब प्रत देणारी आडवाट त्याच्या बियात नाही.

तिसरा आक्षेप नारळाचा. नारळाच्या बागा तर बियांवरच, म्हणजे नारळावरच उभ्या आहेत, मग तिथे कुणाचं बिघडलं? नारळाला फांद्याच नसतात. वाढीचा कोंब एकच, तो कापला की माड मेला. तिथे काडीचा पर्यायच नव्हता म्हणून शेतकऱ्यानं दुसरा मार्ग धरला : मातृवृक्ष पारखून घ्यायचा, त्याचेच नारळ रोपासाठी ठेवायचे, आणि रोपवाटिकेत कमजोर रोपं काढून टाकायची. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं बाणवली माडांमधून असंच पारखून ‘प्रताप’ हे वाण दिलं. तरीही उंच माडांच्या कुठल्याही बागेत कमी आणि जास्त फळणारे माड शेजारी-शेजारी दिसतात. म्हणजे नारळाचं उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बियातून आलेली विविधता मान्य करून तिच्याशी कसं वागायचं ते दाखवतं. कोकम आणि जायफळ लावणाऱ्यांना तर याहून कडू अनुभव असतो. बियापासून वाढवलेलं झाड नर की मादी हे कळायला कितीतरी वर्षं जातात. द्राक्षात हा धोका कमी आहे, पण शून्य नाही. रानटी द्राक्षवेली नर आणि मादी वेगवेगळ्या असतात आणि शेतीतल्या काही वाणांच्या बियांतून अधूनमधून फक्त मादी फुलांची वेल निघते. तिला दुसऱ्या वेलीचा पराग लागतो.

मग बी लावावंच का?

कारण काडी नवं काही देत नाही. डोळ्यातल्या एखाद्या पेशीत अचानक बदल झाला तर फांदीतूनही वेगळं वाण मिळतं. तासगावचं तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी पुढे आणलेलं सोनाका ही थॉम्पसनपासून अशीच निवडून घेतलेली. महाराष्ट्रातल्या बागायतदाराची नजर किती तयार आहे याचा हा पुरावाच आहे. पण नीट पाहिलं तर हे सगळं थॉम्पसनचंच घराणं. मणी लांबला, साल बदलली, बाकी बहुतेक तेच. गुणांची पूर्ण नवी जुळणी हवी असेल तर बियाच्या वाटेनंच जावं लागतं.

या वाटेनं महाराष्ट्राला मिळालेलं एक द्राक्ष पूर्वी घरोघर माहीत होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्याच्या गणेशखिंड फळबाग केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांच्या कामातून पांढरी साहेबी या जुन्या बियांच्या द्राक्षाची रोपं बियांपासून वाढवली गेली आणि त्यांतून एक वेल निवडली गेली. आधी तिला ‘सिलेक्शन ७’ म्हणत, पुढे चीमा साहेबी. तिच्यासाठी मुद्दाम कुणाशी संकर केलेला नव्हता. आपोआप फळलेलं बी लावलं आणि पारख केली, इतकंच. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेनं अमेरिकी वारशाचं कॅटावबा आणि बिनबियांचं ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ काढलं, ते बुरशीला दाद न देणारं आणि रसासाठी चांगलं. जगप्रसिद्ध काबर्ने सोव्हिन्यॉं हे द्राक्ष काबर्ने फ्रांक आणि सोव्हिन्यॉं ब्लां यांच्या आपोआप झालेल्या मीलनाचं अपत्य आहे, हे १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी जनुकीय चाचणीनं दाखवलं. म्हणजे तेही कधीतरी कुणाच्या बागेत बियातून उगवलेलं रोप. आंब्याकडे पाहायचं तर कोकण कृषी विद्यापीठाची ‘रत्ना’ ही नीलम आणि हापूस यांच्या संकराच्या बाठ्यातून आलेली, आणि ‘सिंधू’ रत्ना व हापूसच्या. कलमांच्या राज्यातही नवा आंबा बाठ्यातूनच आला.

यावर हिशेबी माणूस विचारेल, की शंभरांत किती वेली चांगल्या निघतात? फार थोड्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावी एफ्रेम बुल या माणसानं हजारो रोपं बियांपासून वाढवली, आकडा २२ हजार असा सांगितला जातो, आणि त्यांतून एक कॉन्कर्ड द्राक्ष हाती आलं. घरच्या कुंपणावर दहा वेली लावणाऱ्याला असं काही मिळेल असं सांगणं लबाडीचं ठरेल. पण बागायतदाराचा हिशेब वेगळा आणि घरचा वेगळा. बागेत आंबट मण्यांची वेल म्हणजे एकराचं नुकसान, परसात ती म्हणजे मांडवावरची सावली, भाजीला पानं आणि लोणच्याला कच्चे मणी. ज्याला फक्त गोड द्राक्ष खायचं आहे त्यानं रोपवाटिकेतून खुंटावर डोळा भरलेलं रोप आणावं, हा सल्ला मी आधी देईन.

रत्नागिरीच्या हवेत घड

वेल उगवून वाढली म्हणजे फळेलच असं नाही. पहिली काही पेरं रोपाला बाळी, म्हणजे आधाराला वळसे घालणारा तंतू, येतच नाही. हे त्याचं बालपण. बाळ्या येऊ लागल्या की ते सरत आलं असं समजावं. त्यानंतरही पहिल्या घडाला लावणीपासून तीन-चार वर्षं लागू शकतात. बाळी आणि घड या मुळात एकाच अवयवाच्या दोन वाटा आहेत. डोळ्यात तयार होणारा चिमुकला कोंब पुढे घड व्हायचा की बाळी, हे त्या काळात मिळणारं ऊन, ऊब आणि वेलीतलं अन्न यांवर ठरतं. बागायतदार ‘घड जिरला, बाळी झाली’ म्हणतात ते हेच.

महाराष्ट्रात वेलीची पानं थंडीनं गळत नाहीत, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटतात : एप्रिलची खरड छाटणी काड्या तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची फळछाटणी घडांसाठी. खरड छाटणीनंतरच्या साधारण दीड-दोन महिन्यांत पुढचे घड डोळ्यांत ठरतात. नाशिकला तेव्हा ऊन बऱ्यापैकी असतं. रत्नागिरीत एप्रिलअखेरीला छाटलं तर हा काळ थेट जूनच्या आभाळात जातो. त्यामुळे इथे खरड छाटणी मार्चमध्ये उरकावी हे जास्त शहाणपणाचं, म्हणजे डोळ्यांचा निर्णय एप्रिल-मेच्या लख्ख उन्हात होतो.

उरतो पाऊस. वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाणी पडणाऱ्या ठिकाणी केवडा हा रोग द्राक्षाचा पहिला शत्रू. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरात पोहत पर्णरंध्रांपर्यंत जातात, म्हणजे पान कोरडं राहिलं तर रोग शिरूच शकत नाही. वेल पागोळीच्या आत, दक्षिणेच्या भिंतीला लावून वर पारदर्शक पत्रा टाकला तर निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण कोकणातल्या सुपारीवाल्यांच्या हाताशी असतंच, कोळेरोगावर ते दर पावसाळ्यात फवारतात. हे मिश्रण मुळात सुपारीसाठी निघालेलं नाही. फ्रान्समध्ये १८८५च्या सुमारास मियार्दे यांनी ते द्राक्षाच्या केवड्यावरचा उपाय म्हणून पुढे आणलं. जांभ्याच्या मातीत पाणी साचत नाही ही जमेची बाजू, पण ती आम्लधर्मी असते, तेव्हा खड्ड्यात थोडा चुना आणि भरपूर कुजलेलं खत घालावं.

पहिला घड लागल्यावर वेलीबद्दल निकाल देऊ नये. कोवळ्या वेलीचे सुरुवातीचे मणी बारीक आणि आंबट असतातच, दोन हंगाम तरी पाहावेत. तरीही फळ नावडतं राहिलं तर वेल उपटण्याची गरज नाही. मूळ इथल्या मातीत रुळलेलं असतं, त्याचा खुंट करून वर आवडत्या वाणाचा डोळा भरता येतो. आणि फळ खरंच चांगलं निघालं, तर त्या वेलीचं बी ठेवू नये. पक्व काडी घ्यावी, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करावेत, आणि शेजाऱ्यांना तेच द्यावेत.